हाडावरून वय

माणसं चेहरा बघून वय ओळखायला जातात आणि हमखास फसतात. मी जबडा बघून ओळखते आणि फसत नाही, असं मी गेली बारा वर्षं ज्याला त्याला ऐकवत आले. मी कवळ्या बनवते. डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेतात, त्या मापाचा प्लास्टरचा ठसा आमच्या कारखान्यात येतो आणि त्या ठशावर मी एकेक दात बसवते. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, एक लांबलचक टेबल, मेण वितळवायची शेगडी, आणि माणसं दोन: मास्तर आणि मी.

त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मला आता पुढचे दात आणि दाढ एकसारखेच दिसायला लागलेत. कारखाना घेतेस का?"

मी हातातलं मेण खाली ठेवलं. अशी गोष्ट कुणी एवढ्या साध्या आवाजात विचारेल असं मला वाटलं नव्हतं.

"तू घेतलास तर तुझ्या ऐपतीप्रमाणे घे," ते म्हणाले. "नाही तर चौकातला तो चकचकीत कारखानेवाला टपून बसलाच आहे. पण एक सांगतो. पहिली तीन वर्षं तुला इथून हलता यायचं नाही. डॉक्टर लोक हात ओळखतात, पाटी ओळखत नाहीत. तुझा हात दिसला नाही तर वर्षभरात काम दुसरीकडे जाईल. महिनाअखेर सांग मला."

हलता यायचं नाही म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कवळीची हिरडी ज्या गुलाबी पावडरीची होते, तिच्यात एक द्रव मिसळावा लागतो आणि त्याला असा उग्र वास असतो की नवखा माणूस डोळे पुसत बाहेर जातो. पोटुशी बाईनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे मास्तरांचं पहिल्या दिवसापासूनचं फर्मान. आणि मी त्या वर्षी तेहतीस पूर्ण केली होती. मूल हवं हे आमचं लग्नातच ठरलं होतं, कधी ते ठरायचं राहिलं होतं. दर वर्षी आम्ही म्हणायचो, बघू. आता कारखाना घेतला तर मूल छत्तीसला, आणि मूल आत्ता हवं असेल तर कारखाना चौकातल्या चकचकीत माणसाला. डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, "आज सगळं उत्तम आहे. छत्तीस म्हणजे काही जगबुडी नाही. पण तीन वर्षांनंतरचा शब्द मी देणार नाही, आणि कुणी दिला तर तू घेऊ नकोस."

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू म्हणशील ते."

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या यंत्रांत हात घालतो आणि स्वतः मात्र मधल्या मजल्यावर अडकून बसतो. 'तू म्हणशील ते' या वाक्यानं माझं डोकं जितकं फिरतं तितकं शिवीनंही फिरत नाही.

म्हणून रविवारी आईला जेवायला बोलावलं; सासूबाई तर आमच्याच घरात असतात. अनुभवी माणसं आहेत, काही तरी सांगतील, असा आपला समज. माझी आई बावन्न वर्षांची. मी तिला एकोणिसाव्या वर्षी झाले. ती मोटार चालवायला शिकवते, गाडीबाहेरही शिकवतच असते. सासूबाईंना आम्ही माई म्हणतो. त्या चौऱ्याहत्तरच्या. नवऱ्याचा जन्म त्यांच्या चाळिसाव्या वर्षी, घरानं आशा सोडल्यावर. आई म्हणेल लवकर बरं, माई म्हणतील उशिरानं काही बिघडत नाही, आणि मग मी दोघींचं ऐकून मधलं काहीतरी काढीन, असा माझा हिशेब होता.

झालं नेमकं उलटं.

"अजिबात घाई करू नकोस," आई पहिल्या घासालाच म्हणाली. "आधी कारखाना. मी एकोणिसाव्या वर्षी आरशात न बघता गाडी वळवली. पुढची वीस वर्षं सरळ रस्ता म्हणून दिसला नाही. तू तसं करू नकोस."

ते वळण म्हणजे मी. ती हे बोलत होती आणि मला भाजी वाढत होती. मला काहीतरी टोचलं, पण मी गिळून टाकलं.

"असं कसं हो विहीणबाई," माईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मी सांगते, उशीर करू नये. याला शाळेत सोडायला जायचे तर बाई विचारायच्या, आजी, याची आई नाही का आली. आणि हा चौदाचा होतो न होतो तोच याचे बाबा गेले. कारखाने काय, छप्पन्न मिळतील."

नवऱ्यानं मान खाली घातली ती वर काढलीच नाही.

"छप्पन्न मिळतात कुठे?" आई म्हणाली. "मला पंचेचाळिसाव्या वर्षी एक नोकरी मिळाली, तीसुद्धा आधीचा माणूस पळून गेला म्हणून."

"आणि नातवंडं? ती कुठे मिळतात?"

जो तो आपल्या चुकीवरून मला शहाणं करायला निघाला होता. मी म्हटलं, "तुम्ही दोघी ठरवा आणि मला पत्रानं कळवा." मग उठले आणि भांडी घासायला घेतली, जरा जास्तच आवाज करत. थोड्या वेळानं आई आणि माई एकमेकींच्या गुडघ्यांची विचारपूस करायला लागल्या. त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

सोमवारी मी त्याच तंद्रीत कामाला बसले. एकोणीस, तेहतीस, छत्तीस, चाळीस, असे आकडे डोक्यात पिंगा घालत होते. टेबलावर एकाच दवाखान्यातून, एकाच आडनावाचे दोन ठसे आले होते. मायलेकी. आई सहासष्ट, लेक एकोणपन्नास. म्हणजे सतराव्या वर्षी बाळंत, माझ्या डोक्यात लगेच वजाबाकी झाली. मास्तरांचा नियम असा की ठसा हातात आला की आधी प्लास्टरच्या बुडाला पातीनं नाव कोरायचं, मग बाकी सगळं. मी दोन्हींना नुसत्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ठसे पाण्यात भिजत घातले. तासाभरानं येऊन बघते तो चिठ्ठ्या पाण्यावर तरंगत होत्या.

दुसरं कुणी असतं तर त्यानं दवाखान्यात फोन केला असता. मला कशाला फोन लागतो? एका ठशातलं हाड चांगलं उंच, भरदार होतं. दुसऱ्यातलं पार झिजून सपाट झालेलं. झिजलेलं ते सहासष्टचं, भरदार ते एकोणपन्नासचं, हे तर आंधळाही सांगेल. मी भरदार ठशावर पांढरेशुभ्र, तरणे दात बसवले आणि झिजलेल्या ठशावर वयाला शोभतील असे जरा पिवळसर, टोकं घासलेले. पक्की कवळी करण्याआधी मेणात बसवून एकदा पेशंटच्या तोंडात घालून बघतात, तशी ती मेणातली जोडी मी बुधवारी पाठवून दिली. मनाशी म्हटलंसुद्धा, झक्क झालंय काम.

शुक्रवारी दवाखान्यातून फोन आला. मास्तरांनी घेतला. हं, हं, असं ऐकत राहिले, मग फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"आईचे दात लेकीला आणि लेकीचे आईला पाठवलेस. नावाप्रमाणे एकीच्याही तोंडात बसेनात; अदलाबदल केली तेव्हा बसले, पण दात भलत्याच वयाचे. नाव कोरलं होतंस?"

मी चिठ्ठ्यांचं सांगितलं.

"मग कशावरून ठरवलंस?"

"हाडावरून."

मास्तर कधी ओरडत नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "हाड वय सांगत नाही," ते म्हणाले. "दात जाऊन किती वर्षं झाली ते सांगतं. पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं तुला. जा आता."

जा म्हणजे दवाखान्यात जा. ज्यानं चूक केली त्यानंच पेशंटसमोर जाऊन उभं राहायचं, हा त्यांचा दुसरा नियम. बारा वर्षांत माझ्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली होती. कारखाना हातात यायचा त्याच महिन्यात यावी, याला काय म्हणावं.

दवाखान्याच्या बाकावर त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींचीही बोळकी. लांबून बघितलं तर बहिणी वाटाव्यात. मी नाव सांगितलं, माफी मागितली. थोरलीनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच का ती? मला नवरीचे दात पाठवलेस."

"आणि मला म्हातारीचे," धाकटी म्हणाली. "मी आरशात बघितलं तर मला हीच दिसली."

दोघी हसायला लागल्या. दात नसलेल्या दोन बायका पोट धरून हसत होत्या आणि मी त्यांच्यासमोर पिशवी धरून उभी होते. मला इतकी लाज वाटली की तिथून निघून जावंसं वाटलं. पण नियम म्हणजे नियम. मी ठसे काढले, पाती काढली आणि त्यांच्यासमोर बसून दोन्ही ठशांच्या बुडाला नावं कोरली. कोरता कोरता धाकटीनं सांगितलं की हिरड्यांच्या आजारानं तिचे सगळे दात तिशीतच गेले. एकोणीस वर्षं ती कवळी घालते. थोरलीचे मात्र गेल्या वर्षापर्यंत चांगले शाबूत होते.

"म्हणजे माझं हाड हिच्याहून तरुण," थोरली म्हणाली. तिला याचा फारच आनंद झाला होता.

आता हे माझं काम नव्हतं, पण माझ्या तोंडाला कुलूप नसतं. मी विचारलं, "सतराव्या वर्षी मूल म्हणजे फार लवकर नाही का हो झालं?"

धाकटीनं आईकडे बघितलं. थोरली म्हणाली, "मला कुठे कुणी विचारलं होतं? विचारलं असतं तर थांबले असते, मला शिवणकाम शिकायचं होतं. हिला विचारलं, तर ही म्हणाली मूल नकोच. नको तर नको. छान चाललंय हिचं." मग तिनं डोळे बारीक केले. "का गं? तुला विचारतंय का कुणी?"

"सगळेच विचारतायत." आणि मी घडाघडा सांगायला लागले. मास्तर काय म्हणाले, आई काय म्हणाली, माई काय म्हणाल्या, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या.

"ते त्यांचं झालं," थोरलीनं मला मधेच तोडलं. "तू काय सांगितलंस?"

मी तोंड उघडलं. महिनाभर जे सापडत नव्हतं ते अगदी सरळ बाहेर आलं. "मला आधी कारखाना हवा. मग मूल. मूल नक्की हवंय, पण आधी कारखाना."

"मग झालं तर," ती म्हणाली. "आता माझे दात घेऊन ये लवकर. आठवडाभर नुसतं पातळ खातेय."

मला तेव्हा कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून घेतल्यासारखं वाटलं. चूक झाली म्हणून तर कळलं होतं: या दोघींचे दात दुसऱ्या कुणी केलेले मला चालणार नव्हते. बिघडवलेलं मीच नीट करणार होते, आणि यापुढेही जे बिघडेल ते माझंच असायला हवं होतं. आणि छत्तिसाव्या वर्षी काही अडचण आलीच तर ती त्या वर्षी बघू, त्याची फोडणी आजच्या दिवसाला कशाला.

न्यायला आई आली होती, शिकवायची गाडी घेऊन. दोन्हीकडे ब्रेक असलेली. मी शिकवणाऱ्याच्या जागी बसले. दोन सिग्नल गेल्यावर विचारलं, "आई, मी लवकर आले का?"

"कुठे? दवाखान्यात?"

"तुझ्याकडे."

आईनं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळली.

"रविवारी मी बोलले ते तुला लागलं," ती म्हणाली. "मला भाजी वाढतानाच कळलं होतं. अगं, तू वेळेवरच आलीस. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. मी ते तुझ्याबद्दल बोललेच नाही. एकोणीस वर्षांची एक पोर होती, रात्रंदिवस घाबरलेली, तिच्याबद्दल बोलले. तिला कुणी थांब म्हटलं नाही, म्हणून तुला म्हटलं. तू होतीस म्हणूनच ती पोर निभावून गेली."

मला रडू आलं. आईलाही आलं. मागून एकानं हॉर्न वाजवला तेव्हा आईनं काच खाली करून त्याला चांगलं सुनावलं आणि गाडी सुरू केली.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, आणि आधीच बजावलं की 'तू म्हणशील ते' म्हणालास तर आज जेवण नाही. तो पाने-पकडी साफ करत बसला होता. म्हणाला, "मला आत्ता हवं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू कारखाना सोडला असतास, आणि मग जन्मभर मला ऐकवलं असतंस." हे खोटं नव्हतं. "बाबा गेले तेव्हा मी चौदाचा होतो. मला ते सारखं मनात येतं. पण मी उशिरा झालो म्हणून बाबा नाही गेले, आजारी पडले म्हणून गेले. तीन वर्षं मला चालतील. फक्त 'बघू' म्हणायचं नाही. तारीख ठरवायची."

आम्ही तारीख ठरवली. तीन वर्षं संपल्यावरच्या पहिल्या महिन्याचा पहिला दिवस. त्या दिवसापासून त्या वासाच्या खोलीत दुसरा कारागीर जाईल, आणि तो आजपासूनच तयार करायला घ्यायचा.

मास्तरांना शनिवारी सांगितलं. त्यांनी पुन्हा चष्मा काढला, पुसला, एवढंच म्हणाले, "नावं कोरून आलीस ना?" मी हो म्हटलं.

राहिल्या माई. माईंना सांगायचं काम मी नवऱ्यावर ढकलणार होते, पण ते बरं दिसलं नसतं. दुपारी त्यांच्या खोलीत गेले. त्या खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या. मी समोर बसले आणि आढेवेढे न घेता सांगितलं: कारखाना घेतेय, मूल तीन वर्षांनी.

माईंनी पेन्सिल ठेवली. "म्हणजे मी सत्त्याहत्तरची."

"हो."

"असले तर."

"माई, असं नका बोलू."

"का नको? खरं आहे ते. तू तुझा हिशेब केलास, मला माझा करू दे." त्यांचा आवाज कडक झाला होता. "मला राग आलाय, हे तुला सांगून ठेवते. मला वाटलं होतं, माझं नाही तरी याचं तरी लवकर होईल. याला मी सतत दमलेली मिळाले. याच्या पोराला तरी धडधाकट आजी मिळावी, एवढंच मनात होतं."

मला त्यांची समजूत घालायची होती. तोंडाशी दहा वाक्यं आली, पण सगळी खोटी वाटली. मी म्हटलं, "तुमचा राग बरोबर आहे. तरी मी बदलणार नाही."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदे धुऊन वाळत घालत होतं. माईंनी शेवटचा पडदा तारेवर चढेपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "लहान मूल आठ महिने बोळक्यानंच हसतं."

"हो."

"घरात एका वेळी दोन बोळकी बरी दिसत नाहीत."

मला आधी कळलंच नाही. माईंची कवळी आमच्या लग्नाआधीची, दुसऱ्याच कुणी केलेली. बोलताना ती टाळूवरून सुटते, खाताना टकटक वाजते. सून कवळ्या बनवणारी, तरी नऊ वर्षांत त्यांनी मला त्या कवळीला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. दात काढून ठेवलेलं त्यांचं तोंड मी एकदाही बघितलं नव्हतं. रात्री त्या दार लावून घ्यायच्या आणि सकाळी दात घालूनच बाहेर यायच्या.

माईंनी तोंडाला पदर लावला, पाठ फिरवली, आणि वळल्या तेव्हा कवळी त्यांच्या तळहातावर होती. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली. गाल आत गेले होते, हनुवटी वर आली होती, एकदम वीस वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या आणि तरी माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"बघत काय बसलीस? माप घे," त्या म्हणाल्या. शब्द सगळे पसरट येत होते, पण मला एकूण एक कळत होता. "आणि तीन वर्षांची नको. चांगली दहा वर्षं टिकेल अशी कर."